वापसवाले साहेब

लग्न होऊन मी गोव्याला नौदलाच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले, त्या पहिल्याच आठवड्यात नवऱ्यानं मला एक सवय लावायचा प्रयत्न केला आणि मी माहेरी निघून जाण्याची धमकी दिली. भांडण कढीपत्त्यापासून सुरू झालं. हे बाहेर निघाले होते. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "येताना दूध, पाव आणि कढीपत्ता आणा. कोथिंबीर नको, घरात आहे." दारातून आवाज आला, "दूध, पाव, कढीपत्ता. कोथिंबीर नको." मला वाटलं, नवी नवरी आहे म्हणून चिडवताहेत. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "संध्याकाळी दोघं जेवायला येणार आहेत, त्यातला एक मासे खात नाही." मी म्हटलं, "हो." हे जागचे हलेनात. "हो काय? काय ऐकलंस ते सांग."

"मी काय तुमची पलटण आहे का?" असं म्हणून मी हातातला झारा ओट्यावर आपटला. मी गोंदियाची, तीही स्टेशनाजवळची. वडील रेल्वेत. आमच्या घरात एक गोष्ट तीनदा ओरडून सांगायची रीत होती, परत म्हणून दाखवायची नव्हती.

मग यांनी मला शांतपणे समजावलं. हे नौदलात हेलिकॉप्टरचे पायलट. वर असताना वायरलेसवर खालून सूचना येते, इतक्या उंचीवर ये, या दिशेला वळ. वरच्यानं 'ऐकलं' एवढंच म्हणून भागत नाही. ऐकलेलं सगळं परत म्हणायचं. खालच्यानं ते ऐकून 'बरोबर' म्हटलं की मग वळायचं. "का माहीत आहे?" हे म्हणाले, "बरोबर ऐकणाऱ्याला वाटतं आपण बरोबर ऐकलं. चुकीचं ऐकणाऱ्यालाही तसंच वाटतं." मुद्दा बिनतोड होता, म्हणून मला आणखी राग आला. तरी हळूहळू माझ्याही तोंडात ते बसलं. क्वार्टरमधल्या बायका हसायच्या. दूधवाल्याला मी म्हणायची, "उद्या दोन लिटर. बोल बरं काय म्हणाले मी?"

यांचं गाव आमच्याच गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढे, नवेगाव बांधाच्या बाजूला, मोठ्या रस्त्यापासून आत. बौद्ध वस्तीतलं दोन खोल्यांचं घर. सासरे मी पाहिले नाहीत, हे लहान असतानाच गेले. सासूबाईंनी भाताच्या रोवणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, चिखल तुडवला, उरलेलं वर्ष विड्या वळल्या आणि दोन्ही लेकरं शिकवली. मोठी मुलगी लग्न होऊन खैरीला गेली. मुलगा आधी होस्टेलवर, मग कॉलेजात, मग नौदलात गेला. आमच्या त्या भागातून नौदलात अधिकारी होणारे हे पहिले. हे मी उगीच घोळवून सांगत नाही, मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

सासूबाई गावात सांगायच्या, "माहा बाबू जहाजात हाये." आमच्याकडे पाण्यातलं तेही जहाज आणि आकाशातलं तेही जहाज. त्यामुळे अर्ध्या गावाची खात्री होती की हा पोरगा बोट चालवतो आणि अर्ध्या गावाची की विमान. सुट्टीत आल्यावर लोक ओट्यावर बसून यांना विचारायचे, "पान्यावालं जहाज का हवेवालं?" हे नीट सांगायचे, की आमचं हेलिकॉप्टर बोटीवरून उडतं आणि बोटीवरच उतरतं. सासूबाईंनी एकदाच ऐकून निकाल देऊन टाकला, "मंग बराबर हाये. दोन्ही जहाज."

समुद्रात यांनी काय काय केलं ते मला यांच्या तोंडून कधी कळलं नाही. एकदा वादळात मासेमारीची एक बोट बुडत होती आणि यांनी वर हेलिकॉप्टर स्थिर धरून ठेवलं, एकेक माणूस दोरीनं वर ओढून घेईपर्यंत. ही गोष्ट मला यांच्या सहकाऱ्याच्या बायकोनं भाजीच्या दुकानात सांगितली. घरी येऊन विचारलं तर हे म्हणाले, "दोरी सोडली, वर घेतलं." बस. पुढे जेवायला काय आहे, अशी चौकशी. मी त्या दिवशी गुपचूप शिरा केला. का केला ते यांना आजही माहीत नाही.

निवृत्तीनंतर यांच्या बरोबरीच्यांनी मुंबईत नोकऱ्या धरल्या. कोणी समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसांची ने-आण करायला लागलं, कोणी प्रवासी विमानं चालवायला गेलं. यांनाही बोलावणी आली. हे म्हणाले, "आपण गावाला जाऊ." मी दोन दिवस बोलले नाही. मुलगी पुण्यात, मैत्रिणी देशभर आणि मी गोरेगावच्या बाजारात वांगी निवडत बसू? तिसऱ्या दिवशी यांनी कारण सांगितलं. "माय गाव सोडणार नाही. आणि मी होस्टेलला गेलो तेव्हा वस्तीतल्या प्रत्येक घरानं मूठमूठ तांदूळ दिला होता. माझी पेटी विहारातून निघाली होती, घरातून नाही." पेट्या बांधल्या आणि आलो.

गावात आल्यावर हे स्वस्थ बसतील असं मला वाटलं नव्हतंच. पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी एक दृश्य पाहिलं. शेजारच्या टोलीतली, म्हणजे छोट्या पाड्यावरची, एक बाई बाळंतपणाला अडली होती. तिला मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून, मागच्यानं धरून, चिखलातून मोठ्या रस्त्याला नेत होते. ती सुखरूप बाळंत झाली, पण हे त्या दिवशी जेवले नाहीत. आठवड्याभरात विहारात बैठक बोलावली. बौद्ध वस्ती होतीच, पवार शेतकरी आले, गोंड टोलीतली माणसं आली. सगळ्यांनी वर्गणी काढली, कमी पडले ते आम्ही घातले आणि एक जुनी मारुती व्हॅन आली. मागचं सीट काढून तिथे गादी टाकली. गावात ज्यांच्याकडे लायसन होतं त्यांच्या पाळ्या लागल्या. एक फोन ठेवला. आजूबाजूच्या सगळ्या गावांत, टोल्यांत तो नंबर भिंतीवर लिहिला. सरकारी गाडी होतीच, पण ती लांबून यायची. तोवर ही.

पहिल्याच महिन्यात गाडी रिकामी परत आली. फोन आला होता, "खैरीले या, लवकर." उचलणारा म्हणाला, "हव." गाडी सुसाट खैरीला गेली. तिथे कोणी आजारी नव्हतं. आता खैरी म्हणजे आमच्या भागात दोन. एक गोंदियाच्या बाजूला रेल्वेकडली, जिथे माझी नणंद राहते. दुसरी नवेगावच्या बाजूला, बांधाकडली. फोन बांधाकडल्या खैरीचा होता. तिथल्या लोकांनी वाट पाहून पाहून पेशंटला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नेलं. तो वाचला. पण हे घरी येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हे 'हव' माणूस मारणार एक दिवस."

'हव' हा आमच्या झाडीपट्टीतला होकार. ऐकायला गोड, पण त्यात काय काय मावतं ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. हव म्हणजे हो. हव म्हणजे ऐकलं. हव म्हणजे ऐकलं नाही, पण तू बोलत राहा. हव म्हणजे आता पुरे, जा घरी. यांनी फोनवर 'हव' बंद केलं. फोन उचलणाऱ्यानं विचारायचं, कोणतं गाव, कुठे थांबलात, काय झालं, पेशंट कोण. मग सगळं वापस सांगायचं. समोरच्यानं 'बरोबर' म्हटल्यावर ड्रायव्हरला फोन. ड्रायव्हरनंही ते वापस सांगायचं. मगच गाडी सुरू.

लोक वैतागले. जो तो यांची नक्कल करायला लागला. पानठेल्यावर कोणी चहा मागितला की दुसरा म्हणायचा, "एक चाय, कमी शक्कर, बराबर?" आणि सगळे खिदळायचे. यांचं नाव पडलं वापसवाले साहेब. मी बाजारात गेले की बायका म्हणायच्या, "वापसवाल्या वहिनी आल्या." मला आधी झोंबलं, मग सवय झाली. पण विहारातल्या एका बैठकीत प्रकरण हातघाईवर आलं. एक जण उठून म्हणाला, "साहेब, लोकं मरून राहिले आन तुमी पाढे म्हनवून राहिले. हे खूळ बंद करा नाहीतर फोन दुसऱ्याकडं द्या." बऱ्याच माना हलल्या.

हे उभे राहिले. मला वाटलं आता नौदलाचा आवाज निघेल. पण हे एवढंच म्हणाले, "फोन खुशाल दुसऱ्याकडे द्या. द्यायलाच पाहिजे. मी काही कायमचा नाही. पण वापस सांगणं चालू ठेवा. ते माझं नाही, ते पेशंटचं आहे." मग खाली बसले. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला, म्हणजे आमच्याकडच्या रीतीनं कुठेच गेला नाही. घरी येताना यांचा चेहरा पडला होता. गाडी राहील की नाही याची त्यांना काळजी नव्हती. आपण नसलो की लोक पुन्हा 'हव'वर येतील, याची होती. आपल्यामागे एक शिस्त गावाची होते की साहेबाचं खूळ म्हणून मिटते, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. त्या महिन्यात ते दोनदा तरी मला म्हणाले, "एक माणूस तरी असा तयार व्हायला पाहिजे की जो मी समोर नसताना विचारेल."

दिवाळी झाली आणि धानाची कापणी लागली. कापणीत दिवसा गावात कोण असतं? म्हातारी माणसं आणि कुत्री. फोन उचलायला कोणी मिळेना. हे शेजारपाजारी फिरून आले, ओट्यावर बसले आणि आईकडे बघत राहिले. सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे. लिहिता-वाचता येत नाही, कान मात्र शाबूत.

"माय, दिवसाचा फोन तू घे," हे म्हणाले.

"हव," त्या म्हणाल्या आणि सुपातले खडे निवडत राहिल्या.

"माय, हव नाही. मी काय म्हणालो?"

"तू मनून राहिला का म्हातारपनी मायले कामाले लावतो."

मी आत जाऊन हसले. पण हे हटले नाहीत. पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरात नाटक चाललं. हे आतल्या खोलीत जाऊन आईला फोन लावायचे आणि आवाज बदलून म्हणायचे, "आजी, साप चावला, गाडी पाठवा." सासूबाई ओट्यावरून ओरडायच्या, "बाबू, मले तुहा आवाज कळत नाही का? मी काय पोपट आहो?" कधी म्हणायच्या, "साप चावला त इतका आरामानं कायले बोलून राहिला?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मग हे खोटं खोटं घाबरून बोलायला लागले. बुबुळं फिरवून, धापा टाकून. बायको म्हणून सांगते, माणूस उत्तम पायलट होता पण नट म्हणून काही खरं नव्हतं. तरी एके दिवशी सासूबाईंनी सगळे प्रश्न विचारले, सगळं वापस सांगितलं आणि वर म्हणाल्या, "बराबर म्हन, मंगच गाडी निंघन." हे आतून धावत बाहेर आले आणि आईच्या पायाशी बसले. ड्रायव्हरचा नंबर फोनच्या एका बटणावर लावून दिला. तेव्हापासून दिवसभर तो फोन सासूबाईंच्या पदराखाली. त्याला त्या 'माही डिवटी' म्हणायला लागल्या.

त्याच कापणीत यांच्या एका जुन्या मित्राच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. आम्ही सकाळी मोटरसायकल काढली. हे गाडी सुरू करता करता म्हणाले, "माय, खैरीले जाऊन येतो." सासूबाई कोणाशी तरी बोलत होत्या. "हव," म्हणाल्या. आम्ही निघालो.

साक्षगंध छान झालं. जेवणं झाली. आम्ही निघायच्या बेतात होतो आणि हे मोहाच्या मोठ्या झाडाखाली मोटरसायकलला टेकून उभे राहिले ते तसेच राहिले. मला वाटलं कोणाची वाट बघताहेत. जवळ गेले तर शर्ट घामानं भिजलेला, चेहरा राखेसारखा. "छातीत भरून आलंय," म्हणाले, "डावा हात." मी त्यांना खाली बसवलं. लोक गोळा झाले. मुलीकडची जीप पाहुण्यांना सोडायला नवेगावला गेली होती. बाकी सगळ्या मोटरसायकली. कोणीतरी म्हणालं, मधे बसवून नेऊ. यांनी मान हलवली. "मोटरसायकल नको. आडवं राहायचंय. गाडी बोलव." सरकारी गाडीला फोन लावला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गोंदियाच्या वाटेवर होती. मी आमचा नंबर लावला.

तिकडून सासूबाईंचा आवाज आला. मी म्हणाले, "आई, गाडी पाठवा! खैरीला पाठवा, लवकर!"

"कोनती खैरी?"

"अहो आई, पाठवा ना! यांना..."

"बाई, कोनती खैरी? पोरीची का?"

आणि माझ्या लक्षात आलं. आम्ही सकाळी फक्त 'खैरी' म्हणून निघालो होतो. घरात खैरी म्हणजे नणंदेची, रेल्वेकडली. सासूबाई दिवसभर आम्हाला तिकडेच समजत होत्या. दुसरं कोणीही असतं तर गाडी गोंदियाच्या दिशेनं पळाली असती आणि आम्ही इथे मोहाखाली.

"नाही आई, बांधाकडली खैरी."

"कुठी हा?"

"गावाबाहेर, मोठ्या मोहाच्या झाडाखाली."

"काय झालं?"

"छातीत दुखतंय. डावा हात. घाम आलाय."

"पेशंट कोन?"

मी यांच्या कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "तुमचा मुलगा."

फोनवर मागे कोंबडा आरवला. मग सासूबाई बोलल्या, सावकाश, एकेक शब्द वेगळा ठेवत. "बांधाकडली खैरी. गावाबाहेर मोठ्या मोहाच्या झाडाजवर. छाती दुखून राहिली, डावा हात, घाम. पेशंट माहा पोरगा. बराबर?"

"बरोबर," मी म्हणाले.

"ठेव."

हे डोळे मिटून माझ्या मांडीवर होते. फोनचा आवाज मोठा होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ओठ हलले. मी कान जवळ नेला. "तिनं विचारलं," हे म्हणाले.

गाडी आली. मी आयुष्यात यापेक्षा सुंदर वाहन पाहिलेलं नाही, आणि त्या व्हॅनचा एक दरवाजा तर दोरीनं बांधलेला असतो. त्या दिवशी ड्रायव्हर राइस मिलमध्ये ट्रक चालवणारा आमच्याच गावातला माणूस होता. त्यानं डॉक्टरांनी गाडीतल्या औषधाच्या डब्यात ठेवायला सांगितलेली गोळी यांच्या तोंडात दिली, आम्ही यांना गादीवर घेतलं आणि गोंदियाला निघालो. वाटेत मी एका हातानं यांचा हात धरला होता आणि दुसऱ्या हातानं दार. ड्रायव्हर आरशातून बघत बोलत होता, मला धीर द्यायला की स्वतःला, कोण जाणे. "वहिनी, आजीचा फोन आला. मी घाईघाईनं 'हव' म्हनलो त मनते, हव नाही, सांग. मले सारं वापस सांगायले लावलं. पेशंट कोन ते बी. माह्या तोंडून साहेबाचं नाव निंघेना, त मनते, सांग, नाहीतर गाडी काढू नोको."

त्या बैठकीत 'पाढे म्हनवून राहिले' म्हणणारा हाच माणूस. मी त्याला ते बोलून दाखवलं नाही. त्याच्याही लक्षात असावं, कारण पुढे त्यानं आरशातून माझ्याकडे बघायचं टाळलं.

गोंदियाच्या दवाखान्यात यांना थेट आत घेतलं. डॉक्टर नंतर म्हणाले, "टाइम पे ले आए आप लोग. थोडा और होता तो बात मुश्किल थी." मी बाहेरच्या बाकावर बसले आणि मग रडले, तोंडाला पदर लावून, पोटभर. रडून झाल्यावर आधी मुलीला फोन केला. ती पुण्याहून निघाली. मग घरी लावला. सासूबाईंनी उचलला. मी म्हटलं, "आई, बरे आहेत. धोका टळला." त्या म्हणाल्या, "बरा हाये. धोका टळला. बराबर?" मी म्हटलं, बरोबर. त्यांनी ठेवून दिला. त्या फोनवर जास्त बोलायचं नाही, लाइन मोकळी पाहिजे, हा यांचाच नियम.

त्या दिवशी संध्याकाळी सासूबाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नणंद आली, वस्तीतली माणसं आली, बैठकीत माना हलवणारे दोघं-तिघं आले आणि दवाखान्याच्या आवारात कोणीतरी मेल्यासारखे तोंड पाडून उभे राहिले, शेवटी मीच त्यांना चहा पाजला. सासूबाई आल्या नाहीत. हे शुद्धीत होते, नळ्या लावलेल्या, बोलायची मनाई. दाराकडे बघायचे आणि माझ्याकडे बघायचे. मला कळत होतं कोणाची वाट बघताहेत. मला सासूबाईंचा थोडा राग आला, खोटं कशाला बोलू? पोटचा मुलगा इथे पडलाय आणि ही बाई घर धरून बसली आहे.

मग तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण आली आणि तिनं सांगितलं. माझा फोन ठेवल्यावर सासूबाईंनी ड्रायव्हरला लावला, त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं, गाडी वस्तीतून बाहेर पडल्याचा आवाज येईपर्यंत उभ्या राहिल्या आणि मग ओट्यावर बसल्या त्या बसल्याच. फोन दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, कोणी घ्यायला गेलं तर सोडेनात. संध्याकाळी गाडी परत आल्यावर लोक म्हणाले, आजी, चाल, तुले पोराकडं नेतो. त्या म्हणाल्या, "फोन कोन उचलन? सारे कापनीवर हायेत." दुसऱ्या दिवशी दुपारी खरंच फोन आला. गोंड टोलीतली एक पोर बाळंतपणाला अडली होती. सासूबाईंनी गावाचं नाव, घराची खूण, सगळं वापस सांगून गाडी काढायला लावली. मुलगी झाली, आई-लेक ठणठणीत. ती बातमी ऐकून मग त्या म्हणाल्या की उद्या कोणी फोनवर बसत असेल तर मी जाते.

बसायला कोण तयार झालं? तो राइस मिलवाला ड्रायव्हर. त्यानं कामावर खाडा केला आणि म्हणाला, "आजी, तू जा. मी इचारतो साऱ्यायले." हे सगळं मी यांच्या कानाशी सांगितलं.

त्याच दिवशी दुपारी त्या आल्या. विहारात जाताना नेसतात ते पांढरं पातळ, केसांना तेल, हातात डब्यात पेज. दुपारची भेटीची वेळ संपली होती. यांच्या खोलीच्या दारात सिस्टरनं त्यांना अडवलं. "आजी, आता नाही. चारच्या नंतर. पेशंटले आराम करू द्या." सासूबाईंनी वाद घातला नाही. त्या मागे सरकल्या आणि भिंतीला टेकून डबा धरून उभ्या राहिल्या. मी उठले, भांडायच्या तयारीनंच उठले.

पलंगावरून आवाज आला. दोन दिवसांत हे पहिल्यांदा बोलले. आवाज अगदी बारीक होता, पण मान उशीवर जेवढी ताठ करता येईल तेवढी केली होती.

"सिस्टर, ती माझी आई आहे. ड्युटीवरून आली आहे."

सिस्टरनं एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा बाहेर उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहिलं आणि दार उघडून धरलं.